ओटा, खुर्ची आणि जिना : घरातल्या घरात हालचाल कशी वाढवायची

पहिल्या दिवशी काहीच करू नका, फक्त मोजा. दुधाच्या हिशेबाच्या वहीत किंवा कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर सकाळी ६ ते रात्री १० असे तास लिहा. ज्या तासात अर्ध्या तासाहून जास्त वेळ सलग बसून गेला, त्याच्यापुढे फुली मारा. घरून काम करणाऱ्यांच्या कागदावर बहुधा १० ते १ आणि २ ते ६ फुल्याच फुल्या दिसतात. घर सांभाळणाऱ्यांच्या फुल्या दुपारच्या टेकण्यात आणि संध्याकाळच्या मालिकांत सापडतात. निवृत्त माणसाचा कागद पेपर हातात घेतल्यापासून जो भरू लागतो तो थेट रात्रीपर्यंत. या फुल्या फोडणं हे पहिलं काम. व्यायाम त्यानंतर.

‘मी तर दिवसभर पायावरच असते’ हे उत्तर अनेक घरांत ऐकू येतं, आणि ते खोटं नाही. पण ओट्यापुढे तासभर एका जागी उभं राहणं म्हणजे चालणं नव्हे. पोटरीचे स्नायू आखडतात आणि सैलावतात तेव्हा पायातलं रक्त वर ढकललं जातं. पाय एका जागी रोवलेले असले की हा पंप जवळजवळ बंद असतो. पन्नास पोळ्या लाटून झाल्यावर पोटऱ्या भरून येतात त्याला जास्त हालचालीपेक्षा हालचाल नसणंच अधिक कारणीभूत असतं.

किती पुरेसं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी, आणि आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना जोर लागेल असं काही करावं. पासष्टीपुढच्यांनी तोल सांभाळण्याचा आणि ताकदीचा सराव आठवड्यातून किमान तीन दिवस करावा. आधीच्या शिफारशींत ‘सलग १० मिनिटं तरी हवीत’ अशी अट होती, ती २०२० मध्ये काढून टाकली. घरात बसल्या बसल्या वाचणाऱ्यासाठी हीच सगळ्यात कामाची गोष्ट आहे. दोन मिनिटांचा जिनाही आता हिशेबात धरला जातो.

मध्यम श्रम ओळखायला यंत्र लागत नाही. शेजारच्याशी बोलता येतं, पण आरती म्हणायला गेलात तर ओळ पुरी व्हायच्या आत श्वास घ्यावा लागतो, एवढी धाप म्हणजे मध्यम. बोलतानाच शब्द तुटायला लागले तर ते जोरकस श्रम, आणि नवख्याने पहिले दोन आठवडे तिथे जाऊ नये. राहिला रोज १०,००० पावलांचा आकडा. तो १९६५ मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आला. नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचं मीटर’. कुठल्या डॉक्टरने लिहून दिलेला तो डोस नाही, त्यामुळे ४,००० झाली म्हणून खट्टू होऊ नका. आज ४,००० असतील तर पुढच्या आठवड्यात ४,५०० बघा.

सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्यावं असे काही जण आहेत : हृदयविकार असलेले, रक्तदाब आटोक्यात नसलेले, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, गरोदर स्त्रिया, आणि इन्सुलिन किंवा साखर झपकन उतरवणारी गोळी घेणारे. शेवटच्यांनी जेवणाआधी उपाशीपोटी जोरकस काही करू नये आणि खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावं. हालचाल करताना छातीत दाब, जबडा किंवा हाताकडे जाणारी कळ, थंड घाम, डोळ्यापुढे अंधारी यातलं काहीही झालं तर लगेच थांबायचं आणि ‘गॅस झाला असेल’ म्हणत बसायचं नाही. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ लावा.

पहिला आठवडा : बसणं मोडायचं

दर अर्ध्या-पाऊण तासाने उठायचं आणि दोन मिनिटं घरात फिरायचं, एवढाच पहिला आठवडा. मोबाइलचा गजर लावून हे साधत नाही. तिसऱ्या दिवशी माणूस गजर बंद करून पुन्हा बसतो. उठण्याला काहीतरी कारण लागतं, ते घरात पेरून ठेवा.

पाण्याची लिटरची बाटली टेबलावर ठेवायची सवय मोडा. त्या जागी फुलपात्र ठेवा आणि तांब्या किंवा फिल्टर स्वयंपाकघरातच राहू द्या. फुलपात्रात पाव लिटरसुद्धा मावत नाही, तेव्हा दिवसभरात आठ-दहा खेपा आपोआप होतात, आणि पाणी पोटात गेलं की पुढच्या खेपांचं कारण शरीरच देतं. मोबाइलचा चार्जर बसायच्या जागेपासून दूरच्या खोलीत लावा. फोन आला की उभं राहायचं आणि फोन संपेपर्यंत चालायचं. बहिणीचा फोन अर्ध्या तासाचा असेल तर त्या अर्ध्या तासात निवांत दोनेक हजार पावलं होतात. मालिका बघायचीच असेल तर बघा, पण जाहिराती उभ्याने.

जमिनीवर बसणं हा आपल्याकडचा फुकटचा व्यायाम आहे आणि डायनिंग टेबलाने तो घालवला. भाजी निवडणं, शेंगा सोलणं, इस्त्रीच्या कपड्यांच्या घड्या घालणं ही कामं सतरंजीवर बसून केली तर प्रत्येक वेळी खाली बसताना आणि उठताना मांड्या, कंबर आणि तोल तिन्ही कामाला लागतात. उठताना एक हात टेकावा लागत असेल तर टेका. महिन्याभरात तो हात हलका होतो. गुडघ्यांची झीज झालेली असेल तर हा भाग सोडून द्या. खुर्ची आहेच.

खुर्ची

घरातल्या सगळ्या व्यायामांतला एकच शिकायचा असेल तर खुर्चीवरून उठणं-बसणं शिका. संडासातून उठणं, रिक्षातून उतरणं, बसच्या पायरीवर चढणं, म्हातारपणी परावलंबी न होणं, सगळं या एका हालचालीवर उभं आहे.

खुर्ची लाकडी किंवा लोखंडी, हात नसलेली, बैठक जमिनीपासून साधारण १७ इंच, आणि पाठ भिंतीला टेकवलेली. प्लास्टिकची खुर्ची गुळगुळीत लादीवर मागे सरकते, तिचे पायही फाकतात, म्हणून ती नको. चाकाची ऑफिस खुर्ची तर मुळीच नको. पायात मोजे असतील तर काढा.

आता बैठकीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा. पावलं खांद्याइतक्या अंतरावर, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. पाय गुडघ्यांच्या पुढे राहिले तर कितीही जोर लावा, उठता येत नाही, आणि ‘मला जमतच नाही’ म्हणणाऱ्यांची चूक बहुतेक वेळा हीच असते. हात छातीवर आडवे. नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत कमरेतून पुढे झुका, टाचांनी जमीन दाबा, श्वास सोडत उभे राहा. बसताना मनात एक-दोन-तीन मोजत, बूड मागे नेत, खुर्ची अलगद लागेपर्यंत उतरा. खरी ताकद या उतरण्यात तयार होते. धप्पकन बसलात तर अर्धा व्यायाम वाया जातो आणि मणक्याला दणका बसतो तो वेगळा.

समोरून कुणाला तरी बघायला सांगा. गुडघे आत वळून एकमेकांकडे जात असतील तर ते दुखणार, लवकरच. ते पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहायला हवेत. मांडीवर हात टेकून उठायची सवय असेल तर खुर्ची उंच करा : घट्ट घडी केलेली गोधडी बैठकीवर ठेवली की तीन-चार इंच मिळतात. मऊ उशी ठेवू नका, ती दबते आणि उठणं आणखी अवघड होतं. गोधडीची एकेक घडी दर आठवड्याला कमी करायची.

सुरुवात ५ वेळा, मध्ये मिनिटभर थांबून पुन्हा ५, एक दिवसाआड. दुसऱ्या आठवड्यात ८-८, तिसऱ्यात १०-१०. तीन वेळा १२ सहज जमू लागलं की आकडा वाढवू नका, उतरण्याची गती मंद करा. तीनऐवजी पाच मोजा. आखाड्यातल्या बैठका, म्हणजे चवड्यांवर झपाझप शे-दोनशे, हा पुढचा आणि वेगळा प्रांत. चाळिशीत पहिल्यांदा हलायला लागलेल्या गुडघ्याने तिकडे घाई करू नये.

ओटा

स्वयंपाकघरातला ओटा साधारण ३२ ते ३४ इंच उंच, भिंतीत बसवलेला, ग्रॅनाइटचा. जोर काढायला याहून चांगलं साधन बाजारात विकत मिळणार नाही, कारण तो हलत नाही. मात्र गॅस बंद असताना, शेगडीपासून दोन हात लांब, आणि ओटा कोरडा पुसून. ग्रॅनाइटवर तेलाचा ओशट हात सटकला तर थेट हनुवटी कडेवर आपटते.

तळवे खांद्यांहून थोडे रुंद, ओट्याच्या कडेवर. पाय मागे नेत जा, जोवर डोक्यापासून टाचेपर्यंत अंग एका फळीसारखं तिरकं होत नाही. ओट्यापासून अडीच-तीन फूट होतात. बूड आवळा. कोपरं बाजूला पंखासारखी न पसरता शरीराशी ४५ अंशांत ठेवून छाती ओट्याच्या कडेकडे न्या आणि ढकलून परत या. खाली जाताना श्वास आत, वर येताना बाहेर. श्वास कोंडून जोर काढला तर रक्तदाब एकदम वर उसळतो.

दोन चुका जवळजवळ प्रत्येक जण करतो. एक, छातीऐवजी नाक पुढे जातं. मान लांबते, हात जेमतेम वाकतात आणि माणूस खुशीत वीस मोजतो. दुसरी, कंबर खाली लचकते. असं झालं की तो दिवस तिथेच संपवा, कारण पुढचे सगळे जोर कंबर काढत असते. मनगट दुखलं तर तळवा सपाट टेकण्याऐवजी ओट्याची कड मुठीत धरा. एकही जमत नसेल तर आधी भिंतीवर, हातभर लांब उभं राहून १० पर्यंत जा आणि मग ओट्याकडे या. बाल्कनीच्या कठड्यावर हे कधीच करायचं नाही, तो कितीही भक्कम वाटला तरी.

ओट्यापाशी उभे आहातच तर कुकरचा वेळ वापरा. कुकर लावल्यापासून पहिली शिट्टी होईपर्यंत टाचा उचलायच्या : बोटांची टोकं ओट्यावर, दोन मोजत चवड्यांवर वर, क्षणभर थांबून तीन मोजत खाली. पंधरा झाल्या की थांबा, दम घ्या, पुन्हा पंधरा. शेवटची शिट्टी होईपर्यंत एका पायावर उभं राहायचं, आळीपाळीने, आधी १० सेकंद, मग वाढवत ३० पर्यंत. घरातल्या आजी-आजोबांनी दोन्ही हात ओट्यापासून इंचभर अधांतरी ठेवावेत, म्हणजे तोल गेला की लगेच धरता येतं. कोणती डाळ, किती पाणी, शिट्टी किती वेळाने, याचा भरवसा नसतो, त्यामुळे आकड्याकडे फार बघू नका. वरण-भात रोज होतो, तेवढा नियम पुरे आहे.

पिशवीभर तांदूळ

खुर्चीने पाय झाले, ओट्याने ढकलणं झालं, ओढणं राहिलं. घरात ओढण्याचं काम जवळजवळ उरलेलं नाही. विहिरीवर रहाट ओढणाऱ्यांचे खांदे मागे असायचे, लॅपटॉपवाल्यांचे पुढे आलेत. जाड कापडी पिशवीत २ किलो तांदूळ भरा. डावा हात खुर्चीच्या बैठकीवर टेकवून पाठ जमिनीला समांतर करा, उजव्या हातात पिशवी लोंबू द्या. आता कोपर फासळ्यांना घासत वर न्या, हात नव्हे, कोपर. वर एक क्षण थांबा, सावकाश सोडा. दोन्ही बाजूंनी ८-८, दोन फेऱ्या. पिशवीचे बंद हातात रुतत असतील तर त्यांना जुना नॅपकिन गुंडाळा. पाठीला बाक येत असेल तर वजन जास्त झालं. महिन्याभरात पिठाच्या ५ किलोंच्या पिशवीपर्यंत जाता येतं. पिण्याच्या पाण्याचा २० लिटरचा जार मात्र व्यायाम म्हणून उचलू नका, तो धरायला नीट जागा नसते आणि पाणी आत हिंदकळून वजन एका बाजूला जातं.

पाणी भरायचं असेल तर एक भरलेली बादली एका हाताने ओढत नेण्याऐवजी दोन अर्ध्या बादल्या दोन हातांत न्या. खांदे समान राहतात, कंबर एका बाजूला वाकत नाही, आणि पकडीचा व्यायाम होतो.

जिना

लोक जिना उतरतात आणि लिफ्टने चढतात. नेमकं उलटं करा. दम चढण्याने वाढतो, आणि कुरबुरणाऱ्या गुडघ्यांना उतरणं जास्त बोचतं. म्हणून पहिले दोन महिने चढताना पाय, उतरताना लिफ्ट.

एका मजल्याला साधारण १८ ते २० पायऱ्या. सातव्या मजल्यावर राहत असाल तर लिफ्टने सहाव्यावर उतरा आणि एक मजला चढा, दिवसातून दोनदा. दुसऱ्या आठवड्यात पाचव्यावर उतरा. प्रत्येक आठवड्याला एक मजला. पूर्ण पाऊल पायरीवर टेकवा, फक्त चवडा टेकवून चढलं की पोटऱ्या पेटतात आणि गुडघा पुढे ढकलला जातो. हात कठड्यावर असू द्या, पण कठडा ओढत चढू नका. तळ झिजलेल्या स्लिपर जिन्यावर घालू नका. पावसाळ्यात उघड्या जिन्यावर पाणी मारतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर शेवाळ धरतं, तेव्हा ते चार महिने जिना सोडून घरातली एकच पायरी वापरा. बाल्कनीचा किंवा दाराचा उंबरठा सहा इंचांचा असला तरी चालेल : उजवा वर, डावा वर, उजवा खाली, डावा खाली, मिनिटभर. मग डाव्याने सुरुवात.

शतपावली आणि नमस्कार

रात्री जेवल्यावर शंभर पावलं चालायची म्हणून शतपावली. पण शंभर पावलं मिनिटा-दीड मिनिटात संपतात. जेवणानंतर रक्तात चढणारी साखर आटोक्यात राहायला हवी असेल तर १० ते १५ मिनिटं चाला, सावकाश चाललं तरी चालेल, फक्त जेवून लगेच सोफ्यावर आडवं होऊ नका. घरात जागा कमी असेल तर हॉल आणि पॅसेज मिळून इंग्रजी आठच्या आकड्यात फिरा. (मराठी ८ मध्ये फिरायला गेलात तर भिंतीवर जाल.) गोल गोल एकाच दिशेने फिरल्याने एकाच घोट्यावर ताण येतो आणि गरगरतंही, आठच्या आकड्यात दोन्हीकडे वळणं होतात. लादीवर अनवाणी रोज पंधरा मिनिटं चालल्याने काहींची टाच सकाळी उठल्यावर ठणकते. त्यांनी घरातल्यासाठी मऊ तळाचे, मागे पट्टा असलेले सँडल ठेवावेत. पावलं मोबाइलवर मोजत असाल तर तो अंगावर हवा. गाउनला खिसा नसतो आणि मोबाइल ओट्यावर राहतो, मग संध्याकाळी आकडा बघून उगाच वाईट वाटतं.

सूर्यनमस्कार महाराष्ट्राच्या घराघरांत पोचवण्याचं मोठं श्रेय औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचं. १९२० च्या दशकात त्यांनी ते शाळांतून आणि लेखनातून पसरवले. लागते फक्त सतरंजीएवढी जागा आणि रिकामं पोट. नवख्याने दोन नमस्कार सावकाश घालावेत, आठवडाभराने चार, महिन्याने बारा. रथसप्तमीला १०८ चा संकल्प सोडून दुसऱ्या दिवशी जिना उतरता न येणारे दरवर्षी दिसतात, आणि मग पुढच्या रथसप्तमीपर्यंत सतरंजी गुंडाळलेलीच राहते. कंबरेच्या चकतीचा त्रास असेल तर पुढे आणि मागे वाकण्याच्या स्थिती डॉक्टरांना दाखवल्याशिवाय करू नका.

कुठे फसतं

तिसऱ्या दिवशी अंग आंबतं. मांड्या जड, पायऱ्या उतरताना ‘आई गं’. हे २४ ते ७२ तासांत येतं आणि जातं. पूर्ण झोपून राहू नका, खुर्ची-ओटा थांबवून चालणं चालू ठेवा. पण दुखणं सांध्यात असेल, एकाच जागी टोचत असेल किंवा सूज असेल तर ते आंबणं नव्हे, तो व्यायाम बंद.

दुसरं म्हणजे वजनकाटा. एवढ्या हालचालीने महिन्यात वजन फारसं हलत नाही, आणि काटा बघून लोक सोडून देतात. त्याऐवजी ३० सेकंदांची खुर्ची मोजा : हात छातीवर आडवे ठेवून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता. अमेरिकेत ज्येष्ठांच्या तपासणीत वापरल्या जाणाऱ्या तक्त्यात ६० ते ६४ वयाला पुरुषांच्या १४ हून आणि स्त्रियांच्या १२ हून कमी म्हणजे सरासरीपेक्षा कमी धरतात. ७० ते ७४ ला हेच आकडे १२ आणि १०. चाळिशीतच या आकड्यांना अडखळत असाल तर खुर्चीचा आठवडा पुन्हा करा. आकडा कॅलेंडरवर पौर्णिमेच्या चौकोनात लिहा, म्हणजे पुढची तारीख शोधावी लागत नाही.

पाहुणे, लग्न, गणपती, मुलांच्या परीक्षा, यात आठवडा जातोच. परत सुरू करताना जिथे सोडलं तिथून धरू नका, आकडा निम्मा करा : १२ बैठका होत्या तर ६, चार मजले होते तर दोन. ताप येऊन गेला असेल तर ताप उतरल्यावर आधी दोन-तीन दिवस फक्त शतपावली, आणि त्यानंतर खुर्चीवर गोधडी घालून पाच.